मांडवाचा चौथा खांब

१

छत कोसळून दोन दिवस झाले होते. त्याचे तीन खांब जागच्या जागी उभे होते. चौथा नव्हता. तो वाकलेला नव्हता, मोडलेला नव्हता, ढिगाऱ्याखालीही सापडला नव्हता.

"टेकू होता हो, वल्लरीताई," शिरीष पुन्हा म्हणाला. सकाळपासूनची ही सातवी वेळ. "मी लावायला सांगितला होता. लेखी सांगितला होता."

"लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवर," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला आणि माझं मलाच वाईट वाटलं. पण माझी जीभ अशीच आहे, पन्नाशीनंतर ती काय सुधारणार!

मी वल्लरी देवस्थळी. आंग मो किओमधल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात बावीस वर्षं नकाशे मंजुरीला पाठवण्याचं काम करते. मी इंजिनिअर नाही, पण कुठला नियम कुठल्या पानावर आहे हे इंजिनिअर मलाच विचारतात. शिरीष आमच्याच ऑफिसातला, पुण्याहून आलेला, तिशीचा पोरगा. पडलेलं छत त्याने काढलेल्या नकाशावरून उभं राहिलं होतं, आणि त्याखाली माझ्या मैत्रिणीचा, मीनलचा नवरा सापडला होता. रवींद्र अजून शुद्धीवर आला नव्हता.

सेम्बावांगच्या त्या वसाहतीतली सहाही घरं कारखान्यात तयार झालेली. भिंती, छप्पर, बाथरूम, दिव्यांची बटणंसुद्धा तिकडेच बसवून, ट्रेलरवरून आणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेली. असं घर दिसायला छान असतं, पण कारखान्याने जेवढं वजन तपासून दिलंय तेवढंच ते पेलतं. म्हणून वसाहतीच्या नियमावलीत सातवं कलम होतं. बाहेर ओटा, जिना, छत, काहीही उभारा, पण ते स्वतःच्या खांबांवर उभं राहायला हवं. घरावर टेकायचं नाही. मध्ये दोन बोटं फट ठेवायची. आणि मंजुरीशिवाय खांब हलवायचा नाही.

मीनलच्या मुलीचं, गार्गीचं लग्न ठरलं तेव्हा अंगणात असं छत उभारलं गेलं. लग्न हॉलमध्ये, पण हळद आणि देवक घरीच करायचं होतं. लग्नाला दहा दिवस उरले असताना वसाहतीच्या ऑफिसातून निरोप आला की घराच्या बाजूचा डावा खांब गटाराच्या झाकणावर आलाय, तो सरकवा. कंत्राटदार बून सेंगने शिरीषला विचारलं, तात्पुरता टेकू देऊन खांब काढू का? शिरीषने उत्तर दिलं, काढ, पण चार इंची लाकडाचा टेकू दे, खाली पाचर ठोक आणि लाल टॅग लाव. नवा खांब लग्नानंतर बसणार होता.

लग्न रविवारी झालं. बुधवारी दुपारी चार वाजता पाऊस आला, रवींद्र छताखालच्या दिव्यांच्या माळा काढत होता, आणि छत खाली आलं.

"टेकू मिळाला नाही तर फराह काय लिहिणार?" मी विचारलं. फराह म्हणजे वसाहतीची मॅनेजर.

"की मी टेकूशिवाय खांब काढायला परवानगी दिली. उद्या तीनला अहवाल जातोय. सर म्हणाले, तसं लिहिलं गेलं तर ऑफिस मला ठेवणार नाही. नोकरी गेली की या देशात राहायचा पास गेला. ताई, अदितीला आठवा महिना लागलाय."

म्हणजे त्या पोराचा सगळा संसार एका लाकडाच्या तुकड्यावर उभा होता, आणि तो तुकडा कुठे गेला हे कुणालाच माहीत नव्हतं.

२

बून सेंग कॉफीशॉपमध्ये भेटला. साठीचा, काटक माणूस. मी टेकूचं नाव काढताच त्याने कप आपटला.

"आंटी, आय पुट! माय ओन हँड पुट! रेड टॅग ऑल्सो पुट!"

"फोटो?"

"लास्ट मिनिट, रश लाह. हू टेक फोटो?"

त्याने फोटो काढला नव्हता, आणि ढिगाऱ्यात लाकूड नव्हतं. कुणीही म्हणेल की गडी लग्नघाईत टेकू द्यायला विसरला आणि आता हात झटकतोय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो, आणि हा बाबा तीच तीन वाक्यं कपाळाला हात मारून म्हणत होता.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर शनिवारच्या हळदीचे दोनशे फोटो पडले होते. एकात गार्गीच्या मागे घराच्या बाजूचा डावा कोपरा दिसत होता. तिथे काहीतरी उभं होतं, पिवळ्या फडक्याने पूर्ण गुंडाळलेलं, वर आंब्याचे टाळे बांधलेलं. मी ओळखलं, ती लग्नमांडवाची मुहूर्तमेढ होती. मी फोटो बून सेंगपुढे धरला.

त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. "नॉट माइन. माइन नो फ्लॉवर, नो क्लोथ. माइन गॉट रेड टॅग."

त्या कोपऱ्यात दुसरं काहीच दिसत नव्हतं. बून सेंग खरं बोलत असेल, तर त्याचा टेकू हळदीच्या आधीच कुणीतरी काढला होता. मग शनिवारपासून बुधवारपर्यंत ते छत कशावर उभं राहिलं होतं?

३

शेजारचे मिस्टर गोह छतावर पहिल्यापासून खार खाऊन होते. त्यांच्या भाजीच्या कुंड्यांवर सावली पडते म्हणून त्यांनी ऑफिसकडे चार तक्रारी केल्या होत्या. खांब गटारावर आलाय हेही त्यांनीच कळवलं होतं. टेकू काढायला कुणाला कारण होतं, तर ते यांनाच.

मी तसं सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. उलट त्यांचे डोळे भरून आले.

"रवींद्र, गुड मॅन. आय ओन्ली वाँट माय चायसिम गेट सन," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "वेन्सडे मॉर्निंग ऑल्सो गॉट नॉकिंग, यू नो."

"कसलं नॉकिंग?"

त्यांनी सांगितलं ते असं. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला मांडवाच्या बाजूने ठोकण्याचा आवाज आला. सात-आठ ठोके. मग घंटी वाजली, उदबत्तीचा वास आला, आणि शेवटी एकच मोठा आवाज आला, काहीतरी फुटल्यासारखा.

"हू वॉज नॉकिंग?"

"कॅन्ट सी. माय साइड गॉट फेन्स." त्यांनी कुंपणाकडे हात केला. "बट रूफ डोन्ट फॉल, राइट? सेव्हन आवर्स, स्टिल देअर. सो आय थिंक, नॉट इंपॉर्टंट."

हेच माझ्याही डोक्यात शिरत नव्हतं. सकाळी नऊला कुणी टेकू काढला असता, तर छत नऊ वाजून एका मिनिटाने पडायला हवं होतं. ते चारपर्यंत का थांबलं?

४

फराहने मला टेपच्या आत जाऊ दिलं. हिजाबवर हेल्मेट घातलेली, समंजस मुलगी. मी तिच्या मदतीने घराशेजारचे दोन पत्रे उचलले. पावसाचं पाणी त्यांच्याखाली पोचलं नव्हतं.

आधी मी वर पाहिलं. घराच्या छपराची कड डाव्या कोपऱ्यावर चेपली होती, आणि पन्हाळीवर हातभर लांबीचा ताजा ओरखडा होता. पडताना एकदाच लागलेला धक्का असा दिसत नाही. तिथे काहीतरी जड बराच वेळ टेकून हळूहळू सरकलं होतं. मला सातवं कलम आठवलं. छताचा कोपरा दोन बोटं खाली बसला होता आणि घराच्या कडेवर विसावला होता. ज्या घरावर काही टेकवायचं नाही, त्यानेच ते सात तास धरून ठेवलं होतं. चार वाजता पाऊस आला, खचलेल्या कोपऱ्यात पाणी साचलं आणि कड वाकली. म्हणून सकाळच्या ठोक्यांशी दुपारच्या अपघाताचा संबंध कुणी जोडला नव्हता.

मग मी खाली पाहिलं.

सिमेंटवर हळदीचा डाग पसरला होता. त्या डागाच्या बरोबर मध्ये तळहाताएवढा चौकोन स्वच्छ होता. म्हणजे हळद वाहिली तेव्हा तिथे काहीतरी उभं होतं. चौकोनाच्या कडा कुठेही फरपटलेल्या नव्हत्या. छत पडताना ते उडालं असतं, तर डाग पुसत गेलं असतं. ते नीट, सरळ उचललं गेलं होतं.

आणि त्या स्वच्छ चौकोनाच्या मधोमध चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि चार अक्षता होत्या.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. फराहला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. त्या अक्षता खांब उचलल्यानंतर वाहिल्या होत्या. दुष्टाव्याने टेकू काढणारा माणूस मोकळ्या जागेला हळदकुंकू वाहत नाही. लग्नानंतर मेढ उतरवून मांडव परतताना वाहतात. गोहसाहेबांनी ऐकलेला शेवटचा मोठा आवाज नारळाचा होता.

म्हणजे टेकू आणि मुहूर्तमेढ या दोन वस्तू नव्हत्याच. बून सेंग खरं बोलत होता आणि फोटोही खरा होता. लाल टॅग त्या पिवळ्या फडक्याच्या आत होता.

"यू नो हू टुक इट?" फराहने विचारलं.

मला कळलं होतं, ते मीनलच्या घरचंच कुणीतरी होतं. मी नाही म्हटलं.

५

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलात गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हेमचंद्रदादा बसले होते. मीनलचे थोरले भाऊ, चिपळूणचे, सत्तरी ओलांडलेले. भाचीच्या लग्नासाठी पहिल्यांदाच देशाबाहेर आलेले. फराहने तीन दिवसांत सगळ्यांचे जबाब घेतले होते, पण इंग्रजीत. दादांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ते सकाळी येऊन बसायचे, संध्याकाळी जायचे.

"या," ते म्हणाले. "डॉक्टर काही सांगत नाहीत हो. सांगतात, पण मला कळत नाही."

मी डॉक्टरांशी बोलून त्यांना सांगितलं. डोक्यातली सूज उतरत होती, पण अजून दोन दिवस काही खात्री देता येत नव्हती. त्यांनी हात जोडले. मग आपणहून बोलू लागले.

"आमच्याकडून तर काही कमी राहिलं नाही. कुळाचार यथासांग केला. इथे परक्या मुलखात कोण करतं? मी मीनलला म्हटलं होतं, मेढ हवीच. बुधवारी सकाळी मांडवही परतला, मुहूर्त बघून. मी स्वतः मेढ उतरवली. रवींद्र तेव्हा ऑफिसला गेला होता, तो दुपारी परत आला. आणि त्याच दिवशी हे असं व्हावं?"

बाक थंडगार होता.

"मेढ कुठे ठेवलीत, दादा?"

"मीनल म्हणाली, मी बघते." त्यांनी माझ्याकडे निरागसपणे पाहिलं. "का? विधी राहिला का काही?"

६

मीनलने मागचं दार उघडलं. तीन दिवसांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. मी आत गेले आणि पाणीही न मागता म्हटलं, "मीनल, ते लाकूड कुठे आहे?"

"कुठलं?"

"नाटकं करू नकोस. तू ते कचऱ्यात टाकलेलं नाहीस. हळदकुंकू वाहिलेली मेढ तू कचराकुंडीत टाकूच शकत नाहीस. समुद्रात सोडायची, तर सात फुटांचं लाकूड घेऊन बसमध्ये कशी चढणार? ते याच घरात आहे."

तिने आधी मागचं दार लावलं. मग गार्गीच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेले. पलंगाखालून तिने ते ओढून बाहेर काढलं, जुन्या साडीत गुंडाळलेलं. पिवळं फडकं अर्धवट सुटलं होतं, आणि त्याखाली खिळ्याने ठोकलेला लाल कागद होता. त्यावर चिनी अक्षरं, आणि अक्षरांवर हळदीकुंकवाची बोटं.

"मला वाटलं, त्याने लग्नघर म्हणून शुभाचा कागद लावलाय," मीनल म्हणाली. "दरवर्षी त्यांच्या नवीन वर्षाला दारोदार लाल कागद लागतात ना, तसा. मी त्यालाही कुंकू लावलं. बुधवारी छत पडल्यावर संध्याकाळी फडकं सोडलं आणि मोबाइलने वाचून बघितलं. 'वजन आहे, काढू नये.'"

"आणि मग लपवलंस."

"मग काय करू?" ती ओरडली. "आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. दादाने मला वाढवलं. माझ्यापायी लग्न केलं नाही त्याने. आता त्याला सांगू, तुझ्या हाताने माझा नवरा...?"

"आणि शिरीष? त्याची बायको आठ महिन्यांची पोटुशी आहे!"

"तो तरुण आहे, त्याला दुसरी नोकरी मिळेल. दादाला दुसरं आयुष्य नाही मिळणार."

माझं डोकं फिरलं. वीस वर्षांच्या मैत्रीत मी तिच्यावर एवढा आवाज कधी चढवला नव्हता. दुसऱ्याच्या पोराला खड्ड्यात ढकलून स्वतःच्या माणसाला वाचवतेस, लाज नाही वाटत, असं बरंच काही बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "मग आता माझं ऐक. मेढ पुरायला अंगण खणू का, हे विचारायला मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, खणायचं नाही, नियमात बसत नाही. एखादं उभं लाकूड बघ आणि त्याला टाळे बांध, देवाला चालतं. आठवतंय? या लोखंडाच्या आणि पत्र्याच्या घरात उभं लाकूड एकच होतं, वल्लरी."

आठवलं. दुपारी जेवणाच्या रांगेत उभी होते, हातात ट्रे होता. अर्ध्या मिनिटाचा फोन. खणण्याचा नियम मी पाठ म्हटला. कुठलं लाकूड, ते तिथे कशासाठी उभं आहे, हे विचारलंच नाही. हेच दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी आख्ख्या ऑफिसासमोर त्याची सालटी काढली असती.

मी गार्गीच्या पलंगावर बसले. मीनलही बसली. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"अहवालात सगळं जाणार," मी शेवटी म्हटलं. "माझा फोनसुद्धा. पण दादांना ते फराहकडून कळता कामा नये. आपण सांगायचं. आत्ता."

"माझ्याच्याने नाही होणार."

"मी सांगते. तू फक्त शेजारी बस."

७

फराहने येऊन लाकूड ताब्यात घेतलं. बून सेंगला फोटो पाठवला तर त्याने तीन वेळा "माइन! माइन!" लिहिलं. शिरीषला मी फोन केला. तो फोन तसाच चालू ठेवून बायकोला हाका मारत सुटला.

दुपारी एक वाजता आम्ही दोघी हॉस्पिटलच्या बाकावर दादांच्या दोन बाजूंना बसलो. मी माझ्यापासून सुरुवात केली. माझ्या फोनपासून. मग लाल कागद, टेकू, पाचर, घराच्या कडेवर टेकलेलं छत, पावसाचं पाणी, तीनचा अहवाल. एकेक सांगत गेले आणि मुद्दाम हळू सांगत गेले. मीनलने त्यांचा हात धरला होता. अर्ध्यातच तो हात गार पडला असं तिने मला नंतर सांगितलं.

मी थांबले तेव्हा दादा समोरच्या भिंतीकडे पाहत होते. नर्स एकदा आत जाऊन बाहेर आली.

"पाचर निघत नव्हती," ते म्हणाले.

त्यांनी मोकळ्या हाताने हवेत ठोकून दाखवलं.

"मेढ हाताला हलकी लागते. मी घरच्या अकरा मांडवांच्या मेढी उतरवल्यात, मला माहीत आहे. ही जड होती. ठोक-ठोक ठोकली तरी निघेना. शेवटी निघाली तेव्हा वर काहीतरी कुरकुरलं. मी ऐकलं." त्यांनी मीनलकडे पाहिलं. "मला वाटलं, पोर सासरी गेली, मांडव तरी कसा सहज सुटेल? म्हणून मी नमस्कार केला आणि जोर लावला."

मीनल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडू लागली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर भिंतीवरून हलवली नाही.

"तीनला सांगायचंय ना त्या बाईंना?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही यायला नको, दादा. मी लिहून देते."

"नाही. मी येतो." ते बाकाला धरून उठले. "मी मराठीत सांगेन, तुम्ही तिला इंग्रजीत सांगा. कुरकुरल्याचं सुद्धा सांगा. ते गाळू नका."